16 जून 1992 : बीदरच्या जुन्या घरांसाठी एक तारीख

गेल्या पावसाळ्यात बीदरच्या जुन्या गावातून एका ओळखीच्या अण्णांचा फोन आला. महमूद गावानच्या मदरशाजवळच्या गल्लीत त्यांचं घर आहे. जांभ्याच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. चार पिढ्या त्याच घरात गेल्या. मागची भिंत फुगली होती आणि दोन तुळया वाळवीनं पोकळ झाल्या होत्या. मी इंजिनिअर, म्हणून बोलावणं.

मी जाऊन पाहिलं. काम अवघड नव्हतं. आधी टेकू द्यायचे, माळवदावरची माती उतरवून भार कमी करायचा, दोन तुळया बदलायच्या, फुगलेला भाग उतरवून चुन्यात पुन्हा रचायचा. मी हे सगळं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "साहेब, ते जमंल हो. पण आपल्याच घराला हात लावायचा हक्क आहे का आपल्याला, ते सांगा आधी."

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. गल्लीत दोन मतं होती. एक म्हणे, मदरशापासून शंभर मीटरच्या आत वीटसुद्धा लावता येत नाही. दुसरं म्हणे, रात्रीतून करून टाका, कोण बघतंय. पुढच्या काही महिन्यांत मी कायदा वाचला तेव्हा लक्षात आलं की दोन्ही मतं चुकीची आहेत. नियम बदलतो तेव्हा आधीपासून उभ्या असलेल्या घराचं काय होतं, हा या निबंधाचा विषय आहे.

शंभर मीटरची रेषा आली कुठून

निजामाच्या राज्यात पुरातत्त्व खातं 1914 मध्ये सुरू झालं. गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक. पुरातन वास्तूंच्या जपणुकीचा हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा कायदा 1337 फसलीचा, म्हणजे 1927-28 चा. याझदानींचा बीदरवरचा मोठा ग्रंथ 1947 मध्ये छापला गेला. बीदरच्या वास्तूंवर आजही काही लिहायचं तर त्या ग्रंथाला वळसा घालून जाता येत नाही.

संस्थान भारतात आल्यावर 1951 च्या कायद्यानं तिथल्या निवडक वास्तूंना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. मग 1958 चा कायदा आला, तोच आज चालतो. त्याखालच्या 1959 च्या नियमांनी सरकारला एक अधिकार दिला: स्मारकाच्या शेजारची जागा मनाई क्षेत्र किंवा नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा. तो अधिकार सगळ्या देशासाठी एकदम वापरला गेला 16 जून 1992 रोजी. त्या दिवशीच्या अधिसूचनेनं स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर मनाई क्षेत्र आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवलं.

मधल्या काळात एक पळवाट होती. मनाई क्षेत्रातही तज्ज्ञांच्या समितीमार्फत काही बांधकामांना परवानगी मिळायची. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ही व्यवस्था बेकायदा ठरवली. लगेच 2010 मध्ये आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती कायदा आला. शंभर आणि दोनशे मीटर हे आकडे आता मूळ कायद्यातच बसले, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालं आणि मनाई क्षेत्रात नव्या बांधकामाला परवानगी देण्याचा दरवाजा पूर्ण बंद झाला. सार्वजनिक कामालाही सवलत नाही. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2012 मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरजवळच्या एका जागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही मनाई क्षेत्राबाबत हीच कडक भूमिका घेतली.

आता जरा माझ्या पद्धतीनं हिशोब करतो. मदरशाची इमारत साधारण 205 फूट लांब आणि 180 फूट रुंद, म्हणजे एक एकरही नाही. तिच्याभोवती सगळीकडून शंभर मीटरचा पट्टा आखला तर त्याचं क्षेत्रफळ साडेतेरा-चौदा एकर भरतं. तीनशे मीटरपर्यंत गेलं तर सुमारे सत्त्याऐंशी एकर. ही रेषा प्रत्यक्षात संरक्षित जागेच्या हद्दीपासून मोजतात, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्तच असणार. म्हणजे एक एकराच्या वास्तूसाठी चौदा एकरांवर मनाई. अष्टूरच्या बहमनी कबरींभोवती मोकळी शेतं आहेत, तिथं हे खपून जातं. मदरसा मात्र चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या भर वस्तीत उभा आहे. या चौदा एकरांत माणसं राहतात, दुकानं चालतात, लग्नं होतात.

मदरसा 1472 चा. 1696 मध्ये दारूच्या स्फोटात त्याचा एक मनोरा आणि दर्शनी बाजूचा बराच भाग गेला. उरलेला मनोरा आणि त्याच्यावरची निळी-पिवळी फरशी बघायला लोक दुरून येतात. त्याच्या अंगावर पाच मजली इमारत उभी राहू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. प्रश्न आधीपासून तिथं असलेल्यांचा आहे.

आधीपासून असलेल्यांचं काय

हा प्रश्न जगभरात पडलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची अडतीस मजली इमारत झाली. रस्त्याच्या कडेपासून सरळ वर, मागे सरकणं नाहीच. आजूबाजूचा उजेड गेला, ओरड झाली आणि 1916 मध्ये शहरानं नियम केला की उंच इमारतीनं वर जाताना मागे सरकलं पाहिजे. नियम झाला तरी ती इमारत पाडली नाही. ज्या इमारतीमुळे नियम झाला, तीच त्या नियमातून सुटली, आणि आजही उभी आहे. इंग्लंडमध्ये 1947 च्या नगररचना कायद्यानंही चालू वापराला हात लावला नाही.

अमेरिकेत अशा सवलतीला 'ग्रँडफादर' म्हणतात, आजोबांची सवलत. शब्द गोड वाटतो, पण त्याचं मूळ कडू आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी 1890 च्या दशकापासून मतदारांना साक्षरतेच्या अटी घातल्या आणि ज्यांचे बापजादे गुलामगिरी संपण्याच्या सुमारास मतदार होते त्यांना त्यातून सूट दिली. लुईझियानाच्या 1898 च्या घटनेत 1 जानेवारी 1867 ही तारीख होती. काळ्या लोकांचे आजोबा तेव्हा मतदार असणं शक्यच नव्हतं. 1915 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशी तरतूद रद्द केली. हे मुद्दाम सांगतो, कारण तारीख लावून दिलेली सवलत दिसायला सगळ्यांना सारखी असते. कोणाला ती खरोखर मिळते, हे त्या तारखेचा पुरावा कोणाकडे आहे यावर ठरतं. बीदरलाही मला तेच दिसलं, फक्त इथं कोणाचा तसा हेतू नव्हता.

तीन शब्द, तीन अर्थ

आपल्या कायद्यातली आजोबांची सवलत 20-सी या कलमात आहे. मनाई क्षेत्रात 16 जून 1992 च्या आधीपासून असलेली, किंवा नंतर रीतसर मंजुरी घेऊन बांधलेली इमारत असेल, तर तिच्या मालकाला दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. म्हणजे अण्णांना हक्क आहे. तो अर्ज करण्याचा हक्क आहे, रात्रीतून काम उरकण्याचा नाही. नगरपालिकेची परवानगी हातात असली तरी ही परवानगी वेगळी घ्यावी लागते.

पुढचा भाग नीट वाचा, कारण सगळा घोळ इथं आहे. आपण बोलताना 'घराचं काम काढलंय' एवढंच म्हणतो. कायदा मात्र तीन शब्द वेगळे करतो.

बांधकाम म्हणजे नवं काही उभं करणं. त्यात जुन्या घरावर मजला चढवणं किंवा बाजूला खोली वाढवणंही आलं. मनाई क्षेत्रात हे बंद.

पुनर्बांधणी म्हणजे आधी होती तेवढ्याच लांबी-रुंदीत आणि तेवढ्याच उंचीत इमारत पुन्हा उभी करणं. नियंत्रित क्षेत्रात, म्हणजे शंभर मीटरच्या पलीकडच्या दोनशे मीटरांत, हे परवानगीनं करता येतं. मनाई क्षेत्रात ही सोय नाही.

दुरुस्ती आणि नूतनीकरण म्हणजे उभ्या इमारतीत केलेले फेरफार, आणि त्यात बांधकाम किंवा पुनर्बांधणी येत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. मनाई क्षेत्रात मिळू शकते ती एवढीच.

कागदावर हे सरळ दिसतं. आता माळवदाच्या घरापाशी आणून बघा. सिमेंटच्या स्लॅबचं घर तीस-चाळीस वर्षं काही न करता उभं राहतं. माळवदाचं घर तसं नसतं. दरवर्षी पावसाच्या आधी वर पांढरी माती टाकावी लागते, उतार नीट करावा लागतो, खराब तुळई काढून नवी घालावी लागते. जुना वाडा एकदा बांधून झाला असं कधी नसतंच, तो थोडा थोडा सतत बांधला जातो. माझ्या अंदाजानं अण्णांच्या घरातलं निम्मं लाकूड मूळचं नसेल. मग एक भिंत उतरवून पुन्हा रचली तर ती दुरुस्ती की पुनर्बांधणी? दोन भिंती असतील तर? चारही असतील तर? गवंड्याच्या दृष्टीनं यात ठळक रेषा नाही. कायद्याला मात्र ती लागते.

आणि घर पडलं की विषयच संपतो. मनाई क्षेत्रातलं माळवदाचं घर एका रात्रीच्या पावसात बसलं, तर दुरुस्त करायला इमारतच उरत नाही. जे करायचं ती पुनर्बांधणी, आणि ती तिथं मिळत नाही. नव्वद मीटरवरच्या घराची जागा रिकामी राहते. एकशेदहा मीटरवरचं घर परवानगीनं पुन्हा उभं राहतं. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो.

त्यात वेळेचा हिशोबही आहे. सक्षम अधिकाऱ्यानं अर्ज पंधरा दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत मत कळवायचं, त्यानंतर महिन्याभरात निर्णय द्यायचा, अशा मुदती कायद्यात आहेत. सगळं वेळेवर झालं तरी साडेतीन महिने लागतात. आपला पावसाळा चार महिन्यांचा. भिंत फुगल्यावर अर्ज केला तर उत्तर पावसाळा संपताना येणार. म्हणून जुन्या घरवाल्यांना माझं सांगणं असं की अर्ज होळीच्या आत गेला पाहिजे.

सवलत वयाला नाही, कागदाला

मला सगळ्यात जास्त टोचली ती गोष्ट वेगळीच. कायद्याच्या नजरेत 1990 साली घाईघाईनं बांधलेली सिमेंटची पेटी आणि दीडशे वर्षांचा वाडा, दोन्ही सारखेच. दोन्ही 'आधीपासून असलेल्या इमारती'. वाड्याच्या कोरीव देवडीला, नक्षीच्या खांबांना, जांभ्याच्या घडवलेल्या दगडाला वेगळं मोल नाही. एवढं समजण्यासारखं आहे, कारण हा कायदा मदरशासाठी आहे, वाड्यासाठी नाही.

पण प्रत्यक्षात दोघं सारखेही राहत नाहीत. 1990 च्या घराकडे बांधकाम परवाना असतो, नकाशा असतो, कर्जाचे कागद असतात. तारीख सिद्ध करायला पाच मिनिटं लागतात. वाड्याकडे काय असतं? एखादी उर्दू कागदांची थैली, एखादा मोडीतला वाटणीचा कागद, बाकी तोंडी. निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू होती आणि सरकारी कागदांवर वर्षं फसलीची. आज त्या घरातल्या पोराला ना ती लिपी येते, ना ते वर्ष कळतं. 1956 च्या पुनर्रचनेत बीदर जिल्हाच फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे मुंबई राज्यात गेले आणि बीदर म्हैसूर राज्यात आलं. घराण्याची एक पाती इकडे, एक तिकडे, आणि कागद ज्याच्या ट्रंकेत पडले त्याच्याकडे. इकडे पुढचे सरकारी कागद कन्नडमध्ये सुरू झाले.

म्हणजे इमारत जितकी जुनी तितका पुरावा पातळ. मदरशाभोवती जे जुनं वातावरण राखायचं म्हणून हा सगळा खटाटोप, ते ज्या घरांमुळे आहे, त्याच घरांना आपलं वय सिद्ध करणं सगळ्यात अवघड जातं. मग वैतागून कोणी रात्रीतून काम उरकतं. रात्रीतून होतं ते चुन्याचं काम नसतं. सिमेंटच्या विटा येतात, वर पत्रा येतो. घर वाचतं, वाडा जातो.

तटाच्या आतला प्रश्न वेगळा

कलबुर्गीच्या मित्रांनी विचारलं, मग आमच्या किल्ल्यातल्या वस्तीलाही हीच सवलत लागू का? याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्यातला फरक समजून घेतला पाहिजे.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यात 1367 ची जामा मशीद आहे. सगळं अंगण छताखाली घेतलेली, आपल्याकडे विरळा अशी रचना. त्याच तटाच्या आत अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात आणि ती वस्ती हलवण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. 20-सी कलम बोलतं ते मनाई क्षेत्राबद्दल, म्हणजे स्मारकाच्या हद्दीबाहेरच्या पट्ट्याबद्दल. हद्दीच्या आतली जागा संरक्षित क्षेत्र आहे. तिथं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही बांधता येत नाही, मालकालाही नाही. त्यामुळे तटाच्या आत घर 1992 च्या आधीचं आहे असं दाखवून भागत नाही. तिथं मुळात जागेवर हक्क काय, हा प्रश्न येतो, आणि लोकांना हलवायचं तर कुठे, हाही. अण्णांचं प्रकरण आणि किल्ल्यातल्या कुटुंबांचं प्रकरण एकाच भाषणात मिसळलं की दोघांचंही नुकसान होतं. अण्णा अतिक्रमणदार ठरतात, आणि किल्ल्यातल्यांना भलतीच आशा लागते.

आपण काय करू शकतो

कायदा बदलणं आपल्या हातात नाही. तरी दोन गोष्टी आहेत.

पहिली, पुरावे गोळा करणं. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, नगर भूमापनाचे उतारे, वाटणीपत्रं, खरेदीखतं, विजेचं जुनं बिल, हे सगळं उपयोगी. फसली वर्षात 590 मिळवले की इसवी सन निघतो: 1350 फसली म्हणजे 1940-41. लग्नाचे जुने फोटो काढून बघा. नवरानवरीच्या मागे देवडी दिसते, फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. याझदानींच्या ग्रंथातल्या चित्रांत स्मारकांच्या आजूबाजूला काय दिसतं, हेही भिंग घेऊन पाहण्यासारखं आहे. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं अजून आपल्यात आहेत, पण वयं झाली आहेत. हे काम लवकर केलेलं बरं.

दुसरी गोष्ट 20-ई कलमाची. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करायचे, आणि ते इनटॅकसारख्या जाणकार संस्थांच्या सल्ल्यानं करायचे, असं कायदा सांगतो. शंभर मीटरची मनाई त्यानं उठत नाही. पण या परिसरात कोणती जुनी घरं आहेत, ती कशानं बांधली आहेत, त्यांची दुरुस्ती कशी व्हावी, याची नोंद तिथं होऊ शकते. माळवद उतरवून त्याच लाकडाच्या मापानं पुन्हा घालणं, भिंत टप्प्याटप्प्यानं त्याच दगडात रचणं, याला दुरुस्ती म्हणावं एवढं एक वाक्य लिहिलं गेलं तरी बीदरची बरीच घरं वाचतील. बीदर 2014 मध्ये जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत आलं, त्याच वर्षी बहमनी वास्तू युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. या याद्यांमुळे नाव झालं, पण गल्लीतल्या घरांची यादी अजून करायचीच आहे. घराचा फोटो, मोजमाप, छताचा प्रकार, हातात असलेला सगळ्यात जुना कागद आणि मदरशाच्या हद्दीपासूनचं अंतर, एवढे पाच रकाने पुरेत. मी टेप घेऊन यायला तयार आहे.

अण्णांच्या घरी आम्ही दोन दिवस ट्रंका उपसल्या. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पितळी भांड्यांखाली, त्यांच्या वडिलांच्या नावची सत्तरच्या दशकातली घरपट्टीची पावती निघाली. अण्णांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, "एवढ्या चिठोऱ्यावर घर उभं आहे म्हणा की." मी भिंतीचे फोटो, तुळयांची मापं आणि कामाचा नकाशा करून दिला, आणि अर्जात 'पुनर्बांधणी' हा शब्द कुठेही येणार नाही याची काळजी घेतली, कारण आम्ही ती करणारही नव्हतो. अर्ज गेला आहे. माळवदावरची निम्मी माती उतरवली आहे, वर ताडपत्री आहे, आणि आत सागाचे चार टेकू लावलेले आहेत. उत्तर येईपर्यंत ते धरतील.